पेसमेकर आणि बीटा ब्लॉकर : यंत्र असतानाही गोळी कशासाठी?

हृदयाचे ठोके मंद झाले म्हणून छातीत पेसमेकर बसविला जातो. रुग्ण बरा होऊन घरी येतो. मात्र त्याच्यासोबत आलेल्या औषधांच्या चिठ्ठीत एक गोळी अशी असते, की जिचे कार्यच मुळी हृदयाचे ठोके मंद करणे हे आहे. घरातील शिकलेली लेक किंवा नातू त्या गोळीची माहिती वाचतो आणि बुचकळ्यात पडतो. हृदय मंद चालते म्हणून यंत्र बसविले, मग हृदयाला आणखी मंद करणारी गोळी कशासाठी? डॉक्टरांची चूक तर झाली नाही ना?

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याचे उत्तर न मिळाल्यास अनेक घरांत एक धोकादायक निर्णय परस्पर घेतला जातो. ‘आता यंत्र आहे, गोळीची गरज नाही’ असे म्हणून गोळी बंद केली जाते. काही जण पैसे वाचविण्यासाठी, काही भीतीपोटी, तर काही केवळ कंटाळून ती सोडून देतात. ही गोळी एकाएकी सोडणे काही रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. आपल्या शाळेच्या आरंभीच्या तुकड्यांतील अनेक विद्यार्थी आज साठीच्या पुढे गेले आहेत आणि अनेकांचे आईवडील, सासू-सासरे ऐंशीच्या घरात आहेत. म्हणूनच वैद्यकीय सेवेत काम करणाऱ्या आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिकेसाठी हा विषय निवडला. हा लेख वाचून कोणी स्वतःच्या औषधात बदल करावा असा आमचा हेतू नाही. आपण जे औषध घेतो ते का घेतो हे समजावे आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू आहे.

हृदयाची स्वतःची वीज

आपले हृदय एका दिवसात सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. या प्रत्येक ठोक्याची आज्ञा हृदयातूनच निघते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथे विजेचा सूक्ष्म संदेश निर्माण होतो, तो वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो, मध्यभागी एव्ही नोड नावाच्या चौकीवर क्षणभर थांबतो आणि मग खालच्या दोन्ही कप्प्यांत उतरतो. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे ठोके साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० या दरम्यान असतात.

वयोमानाने किंवा आजाराने हा सायनस नोड थकतो. कधी वरचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतच नाही. त्यालाच आपण बोलीत ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतो. मग ठोके फार मंद होतात किंवा मध्येच काही सेकंद थांबतात. चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालता चालता कोसळणे ही त्याची लक्षणे होत. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो त्यालाही लोक ‘ब्लॉकेज’ म्हणतात, परंतु ते दुखणे वेगळे आहे. एक नळाचा दोष, दुसरा विजेच्या तारेचा. पेसमेकर हा तारेच्या दोषावरील उपाय आहे.

यंत्र काय करते आणि काय करू शकत नाही

शरीरात संपूर्णपणे बसविलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाला बसविण्यात आला. यंत्र रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केले होते आणि शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांनी केली. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पण प्रयत्न थांबले नाहीत. लार्सन यांच्या शरीरात पुढे वेळोवेळी वीसहून अधिक यंत्रे बदलली गेली आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आजचे यंत्र गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत मावेल एवढे छोटे असते. त्यापासून निघालेल्या एक किंवा दोन बारीक तारा शिरेतून हृदयात पोहोचविलेल्या असतात.

या यंत्राचे काम समजण्यासाठी आपल्या वसतिगृहातील घंटा आठवावी. पहाटेची घंटा देण्याची पाळी एका विद्यार्थ्याची असते. त्याच्या पाठीमागे घड्याळ घेऊन उभा असलेला एक जागरूक रखवालदार कल्पावा. विद्यार्थ्याने वेळेवर घंटा दिली, तर रखवालदार गप्प राहतो. विद्यार्थी विसरला किंवा पेंगला, तर वेळ टळताक्षणी रखवालदार स्वतः टोल देतो. पेसमेकर हेच करतो. समजा, त्याची किमान गती मिनिटाला ६० ठरवून दिली आहे. मग एक सेकंदाच्या आत हृदयाचा स्वतःचा ठोका पडला, तर यंत्र काहीच करीत नाही. न पडल्यास ते विजेची सूक्ष्म चेतना देते आणि ठोका पडतो.

आता याच दृष्टांताची दुसरी बाजू पाहावी. तो विद्यार्थी विसरण्याऐवजी वेड्यासारखा घंटा बडवीतच सुटला, तर आपला रखवालदार काय करणार? त्याच्या हाती केवळ टोल देणे आहे. घंटा थांबविणे नाही. साधा पेसमेकर हृदयाची गती ठरावीक मर्यादेखाली जाऊ देत नाही, परंतु स्वतःहून धावत सुटलेल्या हृदयाला तो लगाम घालू शकत नाही. वेगवान व घातक ठोके ओळखून ते थांबविण्यासाठी धक्का देणारे आयसीडी नावाचे यंत्र वेगळे असते. ते बसविलेल्यांनाही बहुधा बीटा ब्लॉकर दिले जाते, कारण असे धक्के देण्याची वेळच शक्यतो कमी यावी असा प्रयत्न असतो.

बीटा ब्लॉकर म्हणजे काय

भीती, राग, धावपळ किंवा वेदना यांच्या वेळी शरीरात ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन ही द्रव्ये वाढतात. हृदयाच्या पेशींवर ती ग्रहण करणारी जणू कुलुपे असतात. त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. द्रव्याची किल्ली कुलुपात बसली की ठोके वाढतात, आकुंचन जोरात होते, हृदयाला लागणारा प्राणवायूही वाढतो. बीटा ब्लॉकर त्या कुलुपावर आधीच बसतो आणि किल्लीला जागा देत नाही. परिणामी हृदय शांतपणे व कमी श्रमात काम करते.

स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलोल हे औषध आले. प्राणवायूचा पुरवठा वाढविता येत नसेल तर हृदयाची गरजच कमी करावी, हा त्यांचा साधा पण मूलगामी विचार होता. त्यांना १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अन्य दोन शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. आज आपल्याकडे मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्वेडिलोल, नेबिव्होलोल, अटेनोलोल ही नावे प्रचलित आहेत. वेष्टनावर कंपनीचे नाव ठळक असते, मूळ औषधाचे नाव बारीक अक्षरांत असते. त्या बारीक नावाच्या शेवटी ‘लोल’ असेल, तर ते बहुधा याच कुटुंबातील औषध आहे असे समजावे.

दोघांची सोबत कशासाठी

यंत्र आणि गोळी एकत्र देण्याची कारणे प्रत्येक रुग्णात सारखी नसतात. प्रमुख कारणे अशी आहेत.

पहिले कारण म्हणजे कधी अतिमंद तर कधी अतिवेगवान चालणारे हृदय. सायनस नोड थकलेल्या अनेक रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशन हा दोषही आढळतो. त्यात वरचे कप्पे अनियमितपणे थरथरतात आणि नाडी १३०–१४० पर्यंत धावते. झटका थांबला की हृदय काही सेकंद स्तब्ध होते आणि रुग्णाला भोवळ येते. अशा रुग्णाला वेगासाठी गोळी द्यावी तर मंदपणा वाढतो, न द्यावी तर वेग आवरत नाही. पेसमेकर बसल्यानंतरच ही कोंडी सुटते. ठोके खाली घसरण्याची भीती यंत्राने दूर केलेली असते, म्हणून वेग आवरणारी गोळी पुरेशा मात्रेत देता येते. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. अशा रुग्णात यंत्र असूनही गोळी दिलेली नसते. यंत्र आहे म्हणूनच ती देता येते. या दोषात रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघाताचा धोका असतो. त्यासाठी दिलेले रक्त पातळ ठेवणारे औषध हे तिसरे, स्वतंत्र काम करते. पेसमेकर गुठळी रोखत नाही आणि बीटा ब्लॉकरही रोखत नाही.

दुसरे कारण हृदयाचे स्नायू दुर्बल होणे, म्हणजेच हार्ट फेल्युअर. बिसोप्रोलोल, कार्वेडिलोल आणि दीर्घकाळ परिणाम करणारे मेटोप्रोलोल सक्सिनेट या तीन औषधांनी अशा रुग्णांचे आयुष्य वाढते, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. येथे गोळी केवळ ठोके मोजण्यासाठी दिलेली नसते. सतत उत्तेजित राहून झिजणाऱ्या स्नायूला ती संरक्षण देते. ते संरक्षण यंत्र देऊ शकत नाही.

तिसरे कारण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे किंवा चालताना छातीत दुखणे. हृदयाची प्राणवायूची गरज कमी ठेवण्यासाठी येथे गोळी दिली जाते. याशिवाय काहींना उच्च रक्तदाबासाठी इतर औषधांच्या जोडीने ती चालू असते.

याला एक अपवादही सांगितला पाहिजे. कधी कधी ठोके मंद होण्याचे कारण ही गोळीच असते. तेव्हा डॉक्टर प्रथम मात्रा कमी करून किंवा औषध बदलून पाहतात. औषध टाळता येण्यासारखे नसेल, तर ते चालू ठेवता यावे यासाठी पेसमेकरचा विचार होतो. म्हणून ‘मला ही गोळी नेमकी कोणत्या कारणासाठी आहे?’ हा प्रश्न प्रत्येकाने डॉक्टरांना विचारावा आणि उत्तर आपल्या फाईलवर लिहून ठेवावे.

एकाएकी बंद का करू नये

कुलुपे दीर्घकाळ झाकलेली राहिली की शरीर नवी कुलुपे तयार करते आणि ती अधिक संवेदनशील होतात. गोळी अचानक बंद झाल्यास ही सर्व कुलुपे एकदम उघडी पडतात. नेहमीच्याच ॲड्रिनलिनचा परिणाम मग कितीतरी तीव्र होतो. धडधड वाढते, रक्तदाब उसळतो, छातीत दुखू लागते. रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांना हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. पेसमेकर यांपैकी एकही गोष्ट थांबवीत नाही. गोळी बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती साधारणतः एक ते दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात.

एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. उलट्यांमुळे दोन-तीन मात्रा पोटात टिकल्या नसतील तर डॉक्टरांना कळवावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी दात काढायचा असेल, तरी पेसमेकर आणि गोळी या दोन्हींविषयी आधी सांगावे. त्या दिवशी उपाशी राहायचे आहे म्हणून ही गोळी आपणहून टाळू नये. ती घ्यावी की नाही हे विचारावे.

यंत्र जेथे राखण करीत नाही

पेसमेकरमुळे गोळीचा एकच धोका, म्हणजे ठोके फार मंद होण्याचा धोका, पुष्कळसा दूर होतो. बाकीचे तसेच राहतात. गोळीने रक्तदाब उतरू शकतो. ठोके ६० असूनही उठताना चक्कर येऊ शकते. अंथरुणातून उठताना प्रथम बसावे, क्षणभर थांबावे, मग उभे राहावे.

दमा असलेल्यांमध्ये श्वासनलिका आकसू शकतात. प्रोप्रॅनोलोलसारखी औषधे त्यांनी टाळावयाची असतात. दमा आहे हे डॉक्टरांना न सांगणे म्हणूनच घातक ठरते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये साखर खूप कमी झाली तरी धडधड व हातांचा कंप ही धोक्याची खूण झाकली जाते. घाम मात्र येतो. कारणाशिवाय दरदरून घाम सुटला तर लगेच साखर तपासावी.

जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर थकवा येत असेल, तर तेही सांगावे. श्रमाच्या वेळी ठोके वाढायला हवेत. थकलेला सायनस नोड आणि गोळी मिळून ते वाढू देत नाहीत. पुष्कळशा पेसमेकरमध्ये शरीराची हालचाल ओळखून गती वाढविण्याची सोय असते आणि ती तपासणीच्या वेळी चालू किंवा कमीजास्त करता येते. शस्त्रक्रिया न करता, छातीवर बाहेरून उपकरण ठेवून हे काम होते. गोळीची मात्रा बदलली असेल तर तपासणाऱ्यांना सांगावे, कारण हृदय स्वतः किती चालते आणि यंत्र किती चालविते हे प्रमाण त्यामुळे बदलते.

दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलोल हे थेंब याच कुटुंबातील आहेत. डोळ्यांतले थोडे औषध रक्तात मिसळते, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना थेंबांविषयी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळीविषयी सांगावे. दुसरे असे, की मेटोप्रोलोल दोन प्रकारांत मिळते; सक्सिनेट हे दीर्घकाळ परिणाम करणारे आणि टार्ट्रेट हे कमी काळाचे. नावापुढे ‘एक्सएल’ किंवा ‘ईआर’ असलेली गोळी चावून किंवा कुटून घेऊ नये. जनऔषधी केंद्रातून स्वस्त औषध घेणे योग्यच आहे, मात्र मूळ नाव, प्रकार आणि मात्रा चिठ्ठीशी तंतोतंत जुळवून पाहावी.

उपोसथ, वर्षावास आणि प्रवास

आपल्या अनेक उपासिका वर्षावासात आणि पौर्णिमेला अष्टशील पाळतात व मध्यान्हानंतर भोजन घेत नाहीत. त्या दिवशी सायंकाळची गोळी टाळण्याची प्रवृत्ती दिसते. औषध हे भोजन नव्हे. आजारी भिक्खूंना औषध घेण्याची मुभा खुद्द विनयात दिलेली आहे. तथापि कार्वेडिलोल अन्नाबरोबर घ्यावयाचे असते. रिकाम्या पोटी घेतल्यास रक्तदाब पटकन उतरू शकतो. म्हणून व्रताच्या आधीच डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाची वेळ ठरवून घ्यावी. दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध सकाळच्या भोजनाबरोबर बसविता येते का, हे विचारण्यासारखे आहे. ध्यान-शिबिराला जाताना आजार आणि औषधे यांची संपूर्ण माहिती प्रवेश-अर्जातच द्यावी.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना लांबचा प्रवास आणि रांगेत तासन्‌तास उभे राहणे घडते. पुरून उरतील एवढ्या गोळ्या, औषधांची चिठ्ठी आणि पेसमेकरचे ओळखपत्र पिशवीत न ठेवता अंगावर ठेवावे. गर्दीत पिशवी हरवू शकते. पाणी पीत राहावे. मात्र हार्ट फेल्युअरमुळे पाण्याची मर्यादा घालून दिली असल्यास ती पाळावी.

नाडी मोजावी

आठवड्यातून एकदा, पाच मिनिटे शांत बसून, मनगटाच्या नाडीचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि वहीत तारखेसह लिहावेत. आपल्या यंत्राची किमान गती किती ठेवली आहे हे आधी विचारून घ्यावे. काही यंत्रांत रात्री ती मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे पहाटे आकडा थोडा कमी दिसल्यास घाबरू नये. मध्येच पडणारे अवेळी ठोके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणूनही मोजणी कमी भरते. परंतु विश्रांतीच्या वेळी नाडी ठरलेल्या गतीपेक्षा वारंवार कमी भरत असेल किंवा बराच वेळ ११०–१२० च्या वर राहत असेल, तर तपासणी करून घ्यावी.

भोवळ येऊन पडणे, छातीत दुखणे, श्वास लागून आडवे न होता येणे, अशा वेळी वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. यंत्राच्या जागी लाली, सूज किंवा स्राव दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. त्रास नसला तरी यंत्राची तपासणी दिलेल्या तारखेला करावी. बॅटरी किती उरली हे तेथेच कळते.

रुग्ण आणि शुश्रूषा करणारा

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रस्त झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून शय्येवर ठेवले. त्यानंतर तथागतांनी भिक्खुसंघाला केलेल्या उपदेशात कोणत्या रुग्णाची शुश्रूषा करणे सोपे जाते हेही सांगितले आहे. जो स्वतःला हितकर तेच करतो, हितकर गोष्टीतही प्रमाण जाणतो, औषध घेतो, आजार वाढला की उतरला हे शुश्रूषा करणाऱ्याला खरेखरे सांगतो आणि वेदना सहन करतो, तो असा रुग्ण होय.

अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे विवेचन पेसमेकर आणि बीटा ब्लॉकर घेऊन जगणाऱ्यांना आजही लागू पडते. गोळी घ्यावी, ठरल्या प्रमाणात घ्यावी, आणि थकवा, चक्कर, दमा, चुकलेली मात्रा यांपैकी काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. शुश्रूषा करणाऱ्यांचेही कर्तव्य त्या उपदेशात आले आहे. औषध सिद्ध करण्याची पात्रता आणि मैत्रीपूर्ण चित्त त्यांच्या ठायी असावे. आजच्या घरात याचा अर्थ असा, की आजोबांच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा कोणीतरी भरावा, आजीच्या वहीतील नाडीचे आकडे वाचावेत आणि तपासणीच्या तारखेला सोबत जावे. वसतिगृहात एकमेकांच्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसून वाढलेल्या आम्हा सर्वांना हे काम नवे नाही.